न्यांगे गांवचे दोन धडे
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत आम्हीं वंशसंहारासारखा विषय काढावा, हें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गांत तेरा-चौदा वर्षांचीं जीं मुलें आम्हांसमोर बसतात, त्यांनींच आम्हांस ह्या विषयापाशीं आणून उभें केलें. रवांडा देशाची हकीगत ऐकून एका मुलीनें विचारिलें, "मारणारे लोक रविवारीं देवळांत जात होते काय?" त्यावर होय म्हणण्यावांचून आम्हांस गत्यंतर नव्हतें. आज जें सांगावयाचें आहे, तें त्या एका 'होय'विषयीं.

रवांडा हा मध्य आफ्रिकेंतील चिमुकला, डोंगराळ देश. १९९४ सालीं तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते, व त्यांत कॅथॉलिकांचा भरणा सर्वांत मोठा होता. हुतू आणि तुत्सी ह्यांची भाषा एक, वस्ती एकाच डोंगरउतारावर, उपासना एकाच वेदीपाशीं. बेल्जियन अंमलांत, १९३० नंतरच्या दशकांत, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो हुतू कीं तुत्सी हें लिहिलें गेलें, आणि पूर्वीं कांहींसा सैल असलेला भेद दगडासारखा घट्ट झाला. पुढें राजकारणानें त्यास द्वेषाचें खत घातलें. १९९३ सालीं सुरू झालेल्या एका नभोवाणी केंद्रानें तुत्सींस 'झुरळें' म्हणण्याचा सपाटा लाविला. माणसास एकदां झुरळ म्हटलें, कीं त्यास चिरडतांना हात कचरत नाहीं. १९९४ च्या एप्रिलपासून अवघ्या शंभर दिवसांत सुमारें आठ लक्ष, कित्येकांच्या गणनेनें दहा लक्षांहून अधिक, माणसें मारिलीं गेलीं. त्यांत बहुतेक तुत्सी होते, आणि त्यांस पाठीशीं घालणारे हुतूही होते. वंशसंहार हा गुन्हा ठरविणारा करार संयुक्त राष्ट्रांनीं १९४८ सालींच मान्य केला होता. परंतु तो करार त्या डोंगरांवर धांवून गेला नाहीं.

ह्याच देशांत न्यांगे नांवाचें गांव आहे. तेथील देवळांत सुमारें दीड हजार तुत्सी आश्रयास आले होते. १६ एप्रिल १९९४ रोजीं यंत्र लावून तें देऊळ त्यांच्या अंगावर पाडण्यांत आलें. तेथील धर्मगुरू आथानास सेरोम्बा ह्यांस त्या कृत्यांतील सहभागाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायासनानें २००८ सालीं जन्मठेप ठोठाविली.

हा भाग मुलांस सांगूं नये, असें कांहीं पालकांनीं आम्हांस सुचविलें. श्रद्धा डळमळेल, हें त्यांचें भय आम्ही जाणतों. आमच्याही मनांत तें होतें. परंतु रवांडाच्या बिशपांनीं २०१६ सालीं ख्रिस्तसभेच्या लोकांकडून घडलेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली, आणि २०१७ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनींही देवाजवळ क्षमायाचना केली. मुलांस पापनिवेदन शिकविणाऱ्यांनीं आपल्या घरचें पाप झांकून ठेवावें, हें शोभत नाहीं.

आणि हा भाग गाळला, तर दुसरा धडाही शिकवितां येत नाहीं. त्याच न्यांगे गांवच्या माध्यमिक शाळेंत १८ मार्च १९९७ च्या रात्रीं एक सशस्त्र टोळी शिरली. हुतू एका बाजूस व्हा, तुत्सी दुसऱ्या बाजूस व्हा, असा तिनें हुकूम सोडला. हुतू विद्यार्थ्यांस दोन पावलें सरकून जीव वांचवितां आला असता. परंतु कोणीही हललें नाहीं. आम्ही सारे रवांडाचेच, एवढेंच उत्तर त्यांनीं दिलें. सहा जण त्या रात्रीं गतप्राण झाले, अनेक जखमी झाले. त्या देशानें पुढें त्यांस राष्ट्रवीरांत स्थान दिलें. वयानें तीं मुलें आपल्या मुलांहून कांहींशींच मोठीं होतीं.

तेव्हां आम्ही वर्गांत प्रेतांचीं चित्रें दाखवीत नाहीं. भयानें मूल गोठतें, शहाणें होत नाहीं. आम्ही पायऱ्या दाखवितों: प्रथम टोपणनांव, मग थट्टा, मग वेगळें बसविणें, मग मौन. शेवटची पायरी चढणारे थोडे असतात. पहिल्या पायरीवर आपण सारेच केव्हांना केव्हां उभे असतों.

हें ऐकून एका मुलानें आपण होऊन सांगितलें, कीं दुसऱ्या आळीच्या मुलांच्या बोलीची आपण रोज नक्कल करितों, आणि तें टोपणनांव आपण घरींच ऐकलें. मातापित्यांनो, तो मुलगा कोणाचा, हें आम्ही सांगणार नाहीं. तो आपणां सर्वांचा आहे. जेवतांना शेजारच्या जातीविषयीं, परधर्मीयांविषयीं, कामास येणाऱ्या परप्रांतीयांविषयीं जो शब्द सहज तोंडून निघतो, तो मुलें धर्मशिक्षणाच्या पुस्तकाहून लवकर पाठ करितात. आम्हांस आठवड्यांतून एक तास मिळतो. उरलेले सर्व तास आपले आहेत.

पंचवीस वर्षांपूर्वीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं हें देऊळ बांधिलें. देऊळ भिंतींनीं उभें राहत नाहीं, हें न्यांगेनें दाखविलें. आणि तें कशानें उभें राहतें, हेंही न्यांगेच्याच मुलांनीं दाखविलें. एखाद्या दिवशीं आपल्या मुलांसही कोणी 'वेगळे व्हा' म्हणेल. त्या वेळीं त्यांचे पाय जागचे न हलोत, एवढेंच मागणें ह्या महोत्सवाच्या दिवशीं आम्ही प्रभूजवळ मागतों.