सर्दी आहे, येऊ का?



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. कोविडचा तुमचा शेवटचा डोस कधी झाला, हे किती जणांना आठवतं? तारीख नको, नुसतं वर्ष सांगितलंत तरी चालेल. हात वर करा बरं.

चार... पाच. ठीक आहे. देशभर साधारण हेच चित्र आहे. आपल्याकडे लसीकरण १६ जानेवारी २०२१ला सुरू झालं. जवळजवळ वर्षभराने, १० जानेवारी २०२२पासून, तिसरा डोस आला. बूस्टर न म्हणता त्याला ‘प्रिकॉशन डोस’ म्हटलं गेलं. एप्रिलमध्ये तो अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना खुला झाला, आणि जुलै ते सप्टेंबर असे पंचाहत्तर दिवस सरकारी केंद्रांवर फुकटही मिळाला. तरी दुसरा डोस घेतलेले सुमारे ९५ कोटी लोक, आणि तिसरा घेतलेले २३ कोटींच्या आसपास. म्हणजे चारातल्या तिघांनी दोन डोसांवरच हा विषय मिटवला.

मला तो मिटवता येत नाही. मी इंदूरची. २०१७ साली माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी आईची आहे. ती टिकावी म्हणून मी सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेते. आपल्या शरीराचे पहारेकरी बाहेरचं काही दिसलं की त्याच्यावर तुटून पडतात. आईची किडनीसुद्धा त्यांच्या लेखी बाहेरचीच. म्हणून त्यांना कायमचं पेंगत ठेवावं लागतं. आता अडचण अशी, की लस याच पहारेकऱ्यांना शिकवते. पेंगणाऱ्या विद्यार्थ्याला एकदा शिकवून भागत नाही, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. ट्रान्सप्लांटवाले, काही कॅन्सरचे रुग्ण, संधिवातासाठी तशीच औषधं घेणारे, अशांना म्हणूनच जास्त डोस लागतात. ब्रिटनमध्ये अशा लोकांना वसंतात एक आणि शरदात एक असे डोस देतात. २०२४ साली मी आमच्या शहरात तीन ठिकाणी चौकशी केली. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, ‘मॅडम, आता कोणी मागत नाही, म्हणून आम्ही ठेवत नाही.’

बूस्टरने नेमकं काय होतं, हे दोन मिनिटांत सांगते, कारण त्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. डोस घेतल्यावर रक्तातली प्रतिपिंडं वाढतात आणि काही महिन्यांत उतरतात. ती उतरली की संसर्ग होऊ शकतो. पण शरीराची आठवण त्याहून जास्त काळ टिकते. त्यामुळे आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते. म्हणून ‘डोस घेऊनही झालाच की’ म्हणणारा खरं बोलत असतो, आणि तरी डोस वाया गेलेला नसतो. शिवाय विषाणू थांबलेला नाही. २०२३च्या डिसेंबरात केरळात जेएन.१ सापडला. २०२५च्या जूनमध्ये देशात उपचाराधीन रुग्ण पुन्हा सात हजारांच्या पुढे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. धोका संपला नाही, हेही त्याच दिवशी सांगितलं. दुसरं वाक्य कोणी ऐकलं नाही.

त्या २०२५च्या जूनमध्ये मलाही कोविड झाला. घरातल्याच एका साखरपुड्यात. एसीचा हॉल, दारं बंद, दीडशे माणसं. एका पाहुण्यांना आदल्या दिवसापासून कणकण होती. तापाची गोळी घेऊन ते आले, कारण ‘साधी सर्दी आहे, मुलीकडचे काय म्हणतील!’ मला नऊ दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं. माझं क्रिएटिनिन १.२ असायचं, ते १.९वर गेलं. आता १.४वर थांबलंय. आकडा छोटा वाटतो, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईने दिलेल्या किडनीतला थोडा भाग त्या आठवड्यात गेला, असा त्याचा अर्थ आहे. त्या पाहुण्यांवर माझा राग नाही. त्यांनी आधी विचारावं अशी पद्धतच आपल्याकडे राहिलेली नाही.

तुम्हाला वाटेल, हे गोळ्या घेणाऱ्यांपुरतं आहे. म्हणून आमच्याच घरातलं दुसरं उदाहरण देते. माझ्या जाऊबाई शाळेत शिकवतात. धडधाकट बाई, दोन डोस झालेल्या. २०२२च्या जानेवारीत त्यांना तीन दिवस ताप आला, बस. मार्चमध्ये शाळेचा एक जिना चढून त्या वर्गात खुर्चीत बसून राहायला लागल्या. फळ्यावर लिहिताना शब्द आठवेना. उभं राहिलं की छातीत धडधड. रक्त, एक्सरे, ईसीजी, सगळं नॉर्मल. घरात कुजबूज सुरू झाली. ‘मन रमत नसेल.’ ‘वयाचं असेल.’ एका नातेवाइकांनी तर तोंडावर ‘आळस’ म्हटलं.

याला लाँग कोविड म्हणतात. हे नाव कुणा डॉक्टरने दिलेलं नाही. एलिसा पेरेगो नावाच्या इटलीतल्या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी २०२० साली स्वतःचा आजार सांगताना ते वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या त्यानंतर, २०२१च्या ऑक्टोबरात आली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी लक्षणं असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर हे निदान. त्याच संघटनेच्या अंदाजाने कोविड झालेल्या शंभरात साधारण सहा जणांना ते होतं. लसीने शक्यता कमी होते, शून्य होत नाही. आणि पहिल्या खेपेला झालं नाही म्हणून दुसऱ्या खेपेला होणार नाही, असंही नाही.

यातली एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवी. यातल्या बऱ्याच जणांना श्रमाचा त्रास त्याच वेळी होत नाही, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी होतो. रविवारी हौसेने पुरणपोळ्या केल्या की मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही. अशा माणसाला ‘रोज थोडं जास्त चाल, जोर येईल’ सांगणं उलटं पडतं. जाऊबाईंनी दमण्याच्या आधी थांबायचं शिकून घेतलं. स्टुलावर बसून पोळ्या लाटायच्या. अंघोळ आणि स्वयंपाक लागोपाठ नाही. शाळेने त्यांना तळमजल्यावरचे वर्ग दिले. त्याला पैसा लागला नाही, फक्त वेळापत्रक बदलावं लागलं. तेवढ्याने त्यांची नोकरी वाचली.

मग माझ्यासारखीने घरात कोंडून घ्यायचं का? डॉक्टरांनी मला तसं कधीच सांगितलं नाही. मी हवा बघायला शिकले. हा विषाणू श्वासावाटे हवेत जातो आणि बंद खोलीत तरंगत राहतो. माझ्या पर्समध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र असतं. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम असतं. आपण सोडलेल्या श्वासात ते चार टक्क्यांच्या जवळ जातं. बंद हॉलमध्ये यंत्राने १९०० दाखवलं, तर गणित असं होतं, की माझ्या दर पंचवीस श्वासांमागे एक श्वासभर हवा आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फुफ्फुसातून फिरून आलेली आहे. यंत्र विषाणू मोजत नाही, शिळी हवा मोजते. पण आत बसायचं की मास्क लावायचा की परत फिरायचं, हे ठरवायला तेवढं पुरतं. मास्क एन-९५, गालाला बसलेला. कापडी मास्कने माझं काम होत नाही.

आमच्या मराठी मंडळात मी हा आकडा कार्यकारिणीला दाखवला. आधी थोडी चेष्टा झाली. मग गणपतीत हॉलच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या, बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा दुरुस्त केला. आकडा ९००च्या खाली आला. एक आजोबा म्हणाले, ‘यंदा आरतीला गुदमरलं नाही.’ त्यांना दमा आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. कोजागरी गच्चीवर असते, त्यामुळे तिथे मी बिनधास्त जाते.

माझ्यासारख्या औषधांवर असलेल्यांसाठी तीन गोष्टी. फ्लूची दरवर्षीची आणि न्यूमोनियाची लस आपल्याकडे मिळते, तिच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. घसा खवखवला की त्याच दिवशी चाचणी करा, कारण कोविडच्या गोळ्या पहिल्या पाच दिवसांत सुरू व्हाव्या लागतात. आणि त्या स्वतःहून कधीही घेऊ नका. त्यातल्या रिटोनाविरमुळे टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढतं आणि किडनीलाच धोका होतो. त्याऐवजी काय घ्यायचं, ते डॉक्टरांकडून बरं असतानाच लिहून घ्या. माझा कागद फ्रिजवर चिकटवलाय.

आणि बाकी सगळ्यांकडे एक मागणं. कुणाच्या घरी, केळवणाला, बारशाला निघताना नाक गळत असेल, अंग मोडून आलं असेल, तर आधी फोन करा आणि एवढंच विचारा, ‘सर्दी आहे, येऊ का?’ समोरचा बहुतेक वेळा ‘या हो’ म्हणेल. पण कुणाच्या घरात केमो सुरू असेल, कुणाकडे नुकतं जन्मलेलं बाळ असेल, कुणाकडे माझ्यासारखी असेल. त्या घराला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायची संधी मिळेल. तसं म्हटलं तर राग मानू नका. पुढच्या आठवड्यात नक्की जा.