पहिल्या तीन महिन्यांचे मौन



आजचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांनी आम्हांस विचारले, की पगारवाढ आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाला गरोदरपणाशी काय करायचे आहे? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळाही अर्ध्यावर सुटलेली. जे थोडे कळले ते पुस्तके वाचून, सरकारी दवाखान्यातील नर्सबाईंना विचारून, आणि काही स्वतःच्या चुकीतून. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यातील बाई नोटीस घेऊन आमच्या कचेरीत आली. वारंवार जागा सोडते, कामात चुकारपणा करते, असा आरोप होता. पोट बिघडले आहे, एवढेच ती म्हणाली. आम्ही तेवढेच लिहून उत्तर दिले, नोटीस मागे घ्यायला लावली आणि जिंकलो म्हणून खूश झालो. पुढे कळले, की तिला दिवस गेले होते. तिसरा महिना पुरा होईपर्यंत बोलायचे नाही, म्हणून ती गप्प होती. दहाव्या आठवड्यात तिचा गर्भपात झाला आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा कामावर उभी राहिली. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा तिला हक्क होता. तो तिला ठाऊक नव्हता. आम्हांला ठाऊक होता, पण आम्ही विचारलेच नाही.

उभे राहण्याच्या कामामुळे गर्भ गेला, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या मौनात काय काय दडलेले असते, ते पाहिले पाहिजे.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकते त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे झालेले असतात; गर्भ मात्र सुमारे दोनच आठवड्यांचा असतो. पाळी चुकल्यावर लघवीच्या तपासणीने खात्री होते. त्याकरिता ‘निश्चय’ नावाचा संच आशाताईंमार्फत मिळतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास, ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती मिटते आणि हृदयाचे स्पंदन सुरू होते. घरात सांगावे की न सांगावे याचा विचार चालू असतो, तोवर पाया भरून झालेला असतो! म्हणून फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी, मूल हवे असे ठरल्यापासूनच सुरू करावी व बारा आठवडे चालू ठेवावी, असे डॉक्टर सांगतात. मिश्री आणि तंबाखूही तेव्हापासूनच सुटली पाहिजे. दुसऱ्या दुखण्याचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने घेऊ नये, आणि आपल्या मनाने बंदही करू नये.

बाहेरून पाहाल तर या काळात पोट दिसत नाही. आतून मात्र बाई दमून जाते. दुपारी डोळे मिटू लागतात, छाती दुखरी होते, लघवीला सारखे जावे लागते, फोडणीच्या वासाने उमळून येते. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि पुष्कळींची चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खाल्ले तर सोसवते. हा आळस नव्हे आणि नखराही नव्हे. सासूबाईंनी आणि सुपरवायझरसाहेबांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे.

परंतु पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी झाली. रक्तस्राव होऊ लागला. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येते, खांदा दुखतो, घेरी येते. यांपैकी काहीही झाले तर उद्याची वाट पाहू नये. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल तर आईच्या जिवावर बेतते.

आणि गर्भ गेलाच तर? ज्या गरोदरपणांची खात्री झालेली असते, त्यांतली शंभरातली दहा ते वीस अशी संपतात, आणि बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. यांतल्या निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. घागर उचलली, जिना चढली, प्रवास केला, म्हणून बाईला दोष देणारे घर तिच्या दुःखावर डाग देत असते.

कायदा काय म्हणतो? मुंबई इलाख्यात प्रसूतीविषयीचा कायदा १९२९ साली झाला. त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ साली विधिमंडळात बोलले होते. पुढे देशासाठी १९६१ चा कायदा आला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. गर्भपातानंतरची सहा आठवड्यांची पगारी रजा, आणि गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्याची जादा रजा, या तरतुदी १९६१ च्या कायद्यात होत्या व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत. परंतु जड काम किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम मागणी केल्यास देऊ नये, ही सक्ती शेवटच्या काही आठवड्यांपुरतीच आहे. पहिल्या बारा आठवड्यांत बाईला स्टूल मिळेल की नाही, हे बहुधा माणसांवर अवलंबून असते.

आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. जवळच्या चार माणसांत, गाजावाजा न करता. त्या रीतीची आम्ही थट्टा करीत नाही. जगाला सांगू नका. पण ती चार माणसे अगोदरच, पाळी चुकताच जमवा. नवरा, घरातली एक वडीलधारी बाई, आशाताई वा डॉक्टर, आणि कामावरची विश्वासाची एक मैत्रीण. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात नाव नोंदवा.

आमच्या कचेरीत आता कोणी बाई नोटीस घेऊन आली, की आमच्या एक कार्यकर्त्या बाई तिला बाजूला बसवतात, पाणी देतात आणि हळूच विचारतात. सांगायचे की नाही, ते तिच्याच मर्जीवर असते. पण विचारणारे कोणी तरी आहे, हे तिला कळते. तेवढे त्या पहिल्या बाईसाठी आमच्याकडून झाले नाही.