परमुलखात भाड्याची मोटार

(संस्थेच्या महोत्सवी स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मास्तराला व्यासपीठ मिळाले म्हणजे त्याने शिक्षणावर बोलावे असा संकेत आहे. तो आज आम्ही मोडणार आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मोटार’ असे सांगितले. त्यांना प्रथम ती थट्टाच वाटली. परंतु या सभागृहात बसलेल्या किती घरांतला मुलगा, जावई किंवा भाचा आखाती मुलखात नोकरीला आहे, याची मनातल्या मनात गणती करून पाहावी. पूर्वी ही मुले दोन-दोन वर्षांनी गावी येत. आता सुट्टी लागली की आईबाप आणि भावंडेच तिकडे जातात, आणि गेल्यावर आठवडाभरासाठी मोटार भाड्याने घेतात. चालविणारा घरातला कर्ता, शेजारी म्हातारी आई, मागे पोरे. सगळे घर एका मोटारीत बसलेले असते. म्हणून हा विषय आम्हाला थट्टेचा वाटत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब मस्कतला भाच्याकडे गेलो होतो आणि आठ दिवस भाड्याची मोटार घेऊन ओमान पाहिला. देश देखणा, रस्ते उत्तम. १९७० साली त्या साऱ्या देशात पक्का रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता असे सांगतात. आज डोंगराच्या माथ्यापर्यंत डांबर गेले आहे. असे रस्ते पाहून आपल्याकडचा चालक खूश होतो, आणि आमच्या मते नेमकी तेथूनच काळजीला सुरुवात करावयास हवी. परका मुलूख जेथे परका दिसतो तेथे माणूस आपण होऊन सावध राहतो. जेथे काहीच वेगळे दिसत नाही, रस्ता रिकामा, ओढा कोरडा, हमरस्ता सरळ, तेथेच घात होतो.

पहिली गोष्ट बाजूची. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जातो, तिकडे सगळे उजव्या अंगाने. आपल्या शेजारच्या गोव्याचीच गोष्ट घ्या. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू धरली, पण गोव्याचे रस्ते ब्रिटिश हद्दीतल्या रस्त्यांना जोडलेले असल्यामुळे तेथे डावी बाजूच राहिली. नाहीतर आपल्या आजोबांना पणजीला जाताना हद्दीवरच बाजू बदलावी लागली असती. स्वीडन देशाने मात्र ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सारी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. मोठा अनर्थ होईल अशी भीती होती. घडले उलटेच. आरंभी अपघात कमी झाले, कारण जो तो जपून चालवीत होता. पुढे लोकांची भीड चेपली, आणि दोनेक वर्षांत आकडे पुन्हा पहिल्या ठिकाणी आले.

पाहुण्या चालकाचेही तसेच होते, फक्त दोन वर्षांऐवजी चार दिवसांत. पहिल्या दिवशी तो घाबरलेला असतो, म्हणून सुरक्षित असतो. चौथ्या दिवशी हात बसल्यासारखा वाटतो. वर्गात आम्ही हे रोज पाहतो. ज्या मुलाला एखादे अक्षर उलटे गिरवावयाची खोड लागली आहे, तो आपण शेजारी उभे असेपर्यंत ते सुलटे काढतो. पाठ फिरली, लक्ष गोष्टीत रमले, की जुने अक्षर परत येते. जुनी सवय मेलेली नसते, नुसती गप्प बसलेली असते.

ती जागी होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. भर गर्दीत चूक होत नाही, कारण पुढच्या मोटारीमागे जावयाचे असते. चूक होते पेट्रोल भरून बाहेर पडताना, फोटोसाठी कडेला थांबून पुन्हा निघताना, पहाटे रिकाम्या रस्त्यावर पहिले वळण घेताना, आणि वाहनतळाच्या फाटकातून बाहेर येताना. बहलाचा किल्ला पाहून आम्ही अल-हमरा गावाकडे निघालो, तेव्हा पंपावरून आमच्यासारख्याच एका पाहुण्या कुटुंबाची मोटार बाहेर पडली आणि सरळ डाव्या अंगाला लागली. समोरून पाण्याचा टँकर येत होता. टँकरवाल्याने दिवे लावले, भोंगा धरून ठेवला, आणि स्वतःच कडेच्या खडीत उतरला. त्या मोटारीच्या मागच्या काचेला दोन लहान मुलांची तोंडे चिकटलेली होती. आमच्या मोटारीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

यावर उपाय साधा आहे, आणि तो आम्हाला भाच्याने सांगितला. “मामू, रस्त्यावर चढताना प्रत्येक वेळी मामींनी मोठ्याने म्हणायचे, उजवीकडे.” आमच्या कुटुंबाने आठ दिवस हे काम इतक्या निष्ठेने केले की विमानतळावर सामानाची ढकलगाडी लोटतानाही आम्हाला “उजवीकडे” ऐकावे लागले. हसू येते, पण शेजारी बसणाऱ्याला असे एक नेमून दिलेले काम असावेच. त्याने त्या क्षणी फोनमधला नकाशा पाहू नये, मुलांना बिस्किटे वाटू नयेत. दुसरी खूण अशी की चालकाची बसण्याची बाजू नेहमी रस्त्याच्या मध्याकडे असावयाची. इकडेही आणि तिकडेही. आपण कडेच्या मातीशेजारी बसलेलो आहोत असे दिसले, की मोटार चुकीच्या अंगाला आहे.

आणखी काही बारकावे. चालक डावीकडे बसल्यामुळे मोटारीचे धूड त्याच्या उजव्या हाताला पसरलेले असते. त्याचा अंदाज नसल्याने नवखा माणूस उजव्या कडेकडे सरकत जातो आणि आरसा किंवा चाक घासून घेतो. वळणाचा दिवा लावावयास जावे तर कोरड्या काचेवर पुसणी फिरू लागतात, कारण दोन दांड्या आपल्या उलट बाजूंना असतात. डावे वळण लांबचे, समोरची वाहतूक ओलांडून घ्यावयाचे, उजवे जवळचे. गोल चौकात उजवीकडून शिरावयाचे, आणि आत फिरणाऱ्या वाहनाला, म्हणजे आपल्या डावीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यावयाचे. पायी रस्ता ओलांडणाऱ्या मुलांना आधी डावीकडे पाहावयास शिकवावे. हे घरून निघण्यापूर्वीच शिकवावे, विमानतळावर नव्हे.

मुंबईहून जाणारी पुष्कळ विमाने तेथे अवेळी पोहोचतात. रात्री दोन वाजता डोळे चोळीत मोटार ताब्यात घेऊ नये. त्या रात्री टॅक्सीने जावे, निजावे, आणि सकाळी मोटार घ्यावी. घेताना चारी बाजूंनी, छतासह, फोनवर चित्रण करून ठेवावे, म्हणजे जुना ओरखडा आपल्या नावावर चढत नाही. लहान मुलाची खुर्ची आधीच सांगून ठेवावी. आपला मूळ परवाना आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हे दोन्ही जवळ बाळगावे. दुसरा एक वर्षच चालतो आणि पहिल्यावाचून त्याला अर्थ नाही. विम्याचा कागद मात्र ओळन् ओळ वाचावा. साधी मोटार कच्च्या वाटेवर नेली किंवा वाहत्या पाण्यात घातली, तर नुकसान बहुधा आपल्याच माथी येते.

पाण्याचे नाव निघाले ते बरे झाले, कारण सर्वांत कळकळीने सांगावयाचे ते हेच आहे. ओमानात ‘वादी’ म्हणतात, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. वर्षातले बहुतेक दिवस तो कोरडा ठणठणीत असतो. रस्ता त्याच्या पात्रातूनच जातो, आणि लोक तेथे खजुरीच्या सावलीत सतरंजी पसरून जेवतात. पाऊस पडतो दूर हजर पर्वतात. आपल्या डोक्यावर ऊन असते, आणि पाणी वळणावरून अंगावर येते. आपण सह्याद्रीकडची माणसे; आपल्याला पावसाची ओळख आहे असे आपण समजतो. पण आपला ओढा ढग दाखवून चढतो, हा न सांगता येतो. फूट-दीड फूट धावते पाणी लहान मोटारीचे वजन उचलू लागते, दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते. आत बसलेल्याला मात्र ते घोट्याएवढेच वाटते.

२०२४ च्या एप्रिल महिन्यात त्या देशाच्या समद अल-शान भागात शाळेची मुले घेऊन निघालेले वाहन अशाच पुरात सापडले आणि कितीतरी मुले गेली. हे त्याच देशात राहणाऱ्यांचे झाले, ज्यांना वादी म्हणजे काय हे जन्मापासून ठाऊक आहे. आम्ही मास्तर, ती बातमी वाचल्यापासून सहलीच्या परवानगीच्या कागदावर सही करताना हात थोडा थांबतो. वाहती वादी मोटारीने ओलांडणे हा तेथे कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावा. ओलांडण्याच्या जागी पाण्याची खोली दाखविणारे रंगीत पट्ट्यांचे खांब असतात. पण पाणी वाहताना दिसले तर खांबही वाचीत बसू नये. मोटार मागे घ्यावी, उंचावर उभी करावी, आणि वाट पाहावी. मागचा भोंगा वाजवीत असला तरी वाजवू द्यावा.

आता सरळ हमरस्ता. तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा पुष्कळ ठिकाणी आहे. हा वेग म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर. दिवसा तो अंगवळणी पडतो, आणि रात्री त्याच वेगाने दिव्यांच्या उजेडापुढे धावणे होते. वाळूच्या रंगाचा उंट अंधारात दिसत नाही. शिवाय तो उंच. मोटार पायांना लागते आणि त्याचे धड काचेवर व छतावर येते. म्हणून शहराबाहेर रात्री मोटार चालवू नये, एवढेच आम्ही म्हणतो. मस्कतहून सलाला हजारेक किलोमीटर आहे, आणि मधला बराचसा रस्ता सपाट ओसाड माळावरून जातो. तेथे उंटाइतकेच भय झोपेचे आहे. सलालाला विमानाने जावे आणि मोटार तेथे घ्यावी.

डोंगराबद्दल आपल्या मंडळींना फार सांगावयास नको. जबल अखदरच्या पायथ्याशी, बिरकत अल-मौज येथे, पोलिसांचे नाके आहे. चारही चाकांना जोर असलेली मोटार नसेल तर ते वर सोडीत नाहीत. वर दोन हजार मीटरवर डाळिंबाच्या बागा आहेत. चढण ठीक, प्रश्न उतरणीचा. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट ज्या गिअरात चढावा त्याच गिअरात उतरावा, हे आपल्याकडचा जुना लॉरीवाला शिकवून गेला आहे. पण भाड्याच्या मोटारी आता बहुधा आपोआप गिअर बदलणाऱ्या असतात, आणि चांगला घाटातला चालकही त्यांत बसला की ते शहाणपण विसरतो आणि साऱ्या उतरणीभर ब्रेकवर पाय ठेवून येतो. ब्रेक तापतात, वास सुटतो, मग पकड सुटते. अशा मोटारीतही खालचा गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय असते. ती कोठे आहे हे मोटार ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे.

मद्याबाबत, फोनबाबत आणि लाल दिव्याबाबत तेथील कायदा सवड देत नाही. पट्टा सर्वांनी बांधावा. अडचणीत ९९९९ हा क्रमांक फिरवावा. गाडीत पिण्याचे पाणी भरपूर ठेवावे. एवढ्यावर हा भाग संपतो.

एक राहिले. आठ दिवस उजव्या अंगाने चालवून माणूस परत येतो, तेव्हा हातांनी नवी सवय थोडीशी उचललेली असते, आणि सावधपणा मात्र विमानातच उतरून ठेवलेला असतो. आपल्या गावात कसली भीती! आमचा भाचा बारा वर्षे मस्कतला आहे. तो बेळगावला आला की पहिले दोन दिवस थोरल्या भावाच्या मोटारीची किल्ली हातात घेत नाही. बाजारात जावयाचे तर रिक्षा बोलावतो. शेजारीपाजारी म्हणतात, पोरगा तिकडे जाऊन साहेब झाला. तो काही उत्तर देत नाही आणि रिक्षात बसतो.