निद्रेचें ऋण

वर्गांत डुलक्या घेणाऱ्या एका मुलास मीं एकदां बाकावर उभें केलें. तो पहांटे उठून घरोघर दूध घालीत असे, हें मला मागाहून कळलें.

मेंदूचें वजन शरीराच्या अवघें सुमारें २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलों असतांही शरीराच्या शक्तीपैकीं सुमारें २० टक्के तो एकटाच खर्चितो. जागेपणीं या खर्चांतून अ‍ॅडिनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें व जाणीव मंद करूं लागतें. झोपेंत तें ओसरतें. चहांतील कॅफीन त्याची जागा अडवितें, म्हणून तरतरी वाटते. पण त्यानें ऋण फिटत नाहीं, सावकार दाराबाहेर खोळंबतो इतकेंच!

१९५३ सालीं शिकागो येथें असेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं मिटल्या पापण्यांआड डोळे वेगानें हलतात अशी निद्रा वर्णिली. ठळक स्वप्नें बहुधा तींतच पडतात. त्या वेळीं मेंदूंत अ‍ॅसेटिलकोलीन भरपूर असतें, नॉरअ‍ॅड्रिनॅलीन मात्र जवळजवळ थांबलेलें असतें. जागृति, निद्रा व स्वप्न हीं अशीं रसायनांच्या चढउतारावर चालतात.

तो मुलगा आळशी नव्हता. त्याचें ऋण थकलें होतें. आपल्या मुलांस रागें भरण्यापूर्वीं तीं निजलीं किती वाजतां, हें आठवून पाहावें, एवढीच विनंति.