आधी शाळा, मग संसद
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

'स्त्रिया आणि सत्ता' या विषयावर आपण बोलायला लागलो, की गाडी लगेच जागांवर येते. किती टक्के जागा, कोणता वॉर्ड, कोणाची बायको उभी राहणार. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण आज मी तुम्हाला जरा लांबच्या देशातल्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं नाव इरेना कोस्मोव्स्का. पोलंडच्या संसदेत बसलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक.

आधी त्या देशाबद्दल थोडं. 1795 पासून 1918 पर्यंत पोलंड नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो वाटून घेतला होता. इरेनाबाई 1879 मध्ये वॉर्सात जन्मल्या, म्हणजे रशियाच्या ताब्यातल्या भागात. वडील डॉक्टर. घर शहरी, शिकलेलं. अशा घरातली मुलगी शहरात राहून शिकवण्या करू शकली असती, सभांना जाऊ शकली असती. या बाई खेड्याकडे गेल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यादविगा जुबिन्स्का या कार्यकर्तीने क्रुशिनेक या गावी शेतकऱ्यांच्या मुलींसाठी शेतीची शाळा काढली होती. तिथे इरेनाबाई शिकवू लागल्या. पुढे 1913 पासून लुब्लिनजवळच्या क्राशेनिन गावातली अशीच शाळा त्यांनी चालवली. मुली शाळेतच राहायच्या. भाजीपाला, गुरंढोरं, दूधदुभतं, शिवण हे सगळं शिकायच्या आणि त्याबरोबर आपली भाषा, आपला इतिहास. रशियन राजवटीत हा दुसरा भाग म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणं होतं.

नुसता सरकारचाच रोष नव्हता. इरेनाबाई 'झारान्ये' नावाच्या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात काम करत. 'आपलं आपणच' हे त्या साप्ताहिकाचं ब्रीद. शेतकऱ्याने जमीनदाराच्या किंवा धर्मगुरूच्या तोंडाकडे बघत बसू नये, आपली सोसायटी, आपली शाळा आपणच उभी करावी, असं ते सांगे. धर्मगुरूंना हे कसं रुचणार? बिशपांनी हे साप्ताहिक वाचायला बंदी घातली. गावात प्रार्थनामंदिराचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि अशा गावांतून मुलींना या शाळांत पाठवायचं. आई-बापांना किती बळ गोळा करावं लागलं असेल, हे गावात काम करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

आता 1918 साल. महायुद्ध संपत आलं होतं, साम्राज्यं कोसळत होती. 7 नोव्हेंबरला लुब्लिनमध्ये समाजवादी आणि शेतकरी पक्षांनी एक हंगामी सरकार स्थापन केलं. त्यात इरेनाबाई उपमंत्री झाल्या. पोलंडच्या सरकारात पद मिळालेली ही पहिली स्त्री. ते सरकार जेमतेम काही दिवस टिकलं. पण 28 नोव्हेंबरला नव्या देशाच्या निवडणुकीचा हुकूम निघाला, तेव्हा त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत. हे कुणी दान म्हणून दिलं नव्हतं. 1917 मध्ये वॉर्सात स्त्रियांनी परिषद भरवून हीच मागणी केली होती.

26 जानेवारी 1919 रोजी मतदान झालं. त्या पहिल्या संसदेत सुमारे चारशे सभासद आणि त्यात स्त्रिया आठ. इरेनाबाई होत्या, जुबिन्स्काबाईही होत्या. दोघी 'विझ्वोलेन्ये', म्हणजे मुक्ती, या शेतकरी पक्षाच्या.

आठ बायका काय करणार, असं कुणीही म्हणेल. ऐका. जुबिन्स्काबाईंनी शेतीशाळांचा कायदा पुढे रेटला. तो 9 जुलै 1920 रोजी मंजूर झाला. प्रत्येक जिल्ह्यात दोन शेतीशाळा, एक मुलांसाठी आणि एक मुलींसाठी. मुलींची शाळा ही कुणाच्या मर्जीची बाब राहिली नाही, ती जिल्ह्याची जबाबदारी झाली. मारिया मोचिदवोव्स्का या शिक्षिका खासदारांनी दारूविरोधी कायदा आणला, तोही 1920 मध्येच. गावाने मतदान करून आपल्या हद्दीत दारूविक्री बंद करायची, अशी त्यात तरतूद होती. आडव्या बाटलीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या बायकांना यातली ताकद वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 1919 मध्ये बाई मत देऊ शकत होती, खासदार होऊ शकत होती. पण पूर्वीच्या रशियन भागातल्या दिवाणी कायद्यात बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळणं बंधनकारक होतं आणि स्वतःच्या मालमत्तेच्या व्यवहारालाही त्याची परवानगी लागायची. म्हणजे देशाचा कायदा करायचा हक्क आहे, स्वतःच्या तुकड्याचा कागद करायचा नाही! 1 जुलै 1921 च्या कायद्याने ही आज्ञापालनाची अट काढून टाकली. मतपेटी आधी उघडली, घराचं दार नंतर, आणि तेही पूर्ण नाहीच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळांचा कायदा झाला, पण दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हाही पुष्कळ जिल्ह्यांत अशा दोन शाळा नव्हत्या. कायद्यामागे पैसा आणि रेटा लागतो. शिवाय इरेनाबाई स्वतः शेतकरीण नव्हत्या. त्या शेतकरणींच्या वतीने बोलत होत्या. एम.एस.डब्ल्यू. करून वस्तीत उतरणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा प्रश्न सतत समोर ठेवावा असा आहे. आपण कुणासाठी बोलतो, आणि ती स्वतः बोलायला लागेल अशी व्यवस्था आपण करतो का? इरेनाबाईंचं उत्तर शाळा हे होतं. मला ते आजही पटतं.

इरेनाबाई 1930 पर्यंत खासदार होत्या. 1926 मध्ये मार्शल पिल्सुदस्कींनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली होती. 1930 च्या सप्टेंबरात त्यांनी विरोधी नेत्यांना रातोरात पकडून किल्ल्यात डांबलं. त्याच महिन्यात लुब्लिनच्या सभेत इरेनाबाई पिल्सुदस्कींविरुद्ध बोलल्या. अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. संसदेतली जागा गेली, पण शेतकरी चळवळीतली जागा गेली नाही. ती कुठल्या हुकुमाने मिळालेली नव्हतीच. जर्मनांनी देश व्यापला तेव्हाही त्या भूमिगत शेतकरी चळवळीत होत्या. 1942 मध्ये गेस्टापोने त्यांना पकडलं, पुढे जर्मनीत नेलं. युद्ध संपलं, पण त्या परतल्या नाहीत. ऑगस्ट 1945 मध्ये बर्लिनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय पासष्ट.

मैत्रिणींनो, या आयुष्यातून मी एवढंच घेते. मताचा हक्क एका हुकुमाने, एका दिवसात कागदावर आला. पण त्या दिवशी तो हक्क वापरायला कोण तयार होतं? ज्यांनी आधीची दहा-पंधरा वर्षं गावात घालवली होती, त्या. संसदेत कोणता कायदा मागायचा हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. शाळेतल्या मुलींनी ते आधीच शिकवलं होतं.

म्हणून पुढच्या निवडणुकीत आपल्या गावातून कोण उभी राहणार, याची चर्चा जरूर करू. पण तिच्या पाठीशी कोणता बचत गट, कोणतं मंडळ, कोणती शाळा आहे, आणि ती निवडून आल्यावर पहिल्या सभेत काय मागणार आहे, हे आधी लिहून काढू. आता गटागटाने बसू या आणि याच दोन प्रश्नांवर बोलू या.