हलक्या होडीचे सुकाणू

सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर या किनाऱ्यावरच्या मंडळींना होडी म्हणजे काय हे सांगायला नको. पण अलीकडे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कयाक नावाची एक निराळी होडी दिसू लागली आहे. अरुंद, लांबट, बहुधा एकाच माणसाची, आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालणारी. ग्रीनलंडचे लोक सीलच्या कातड्याची अशी होडी बांधून शिकारीला जात. गावातला एखादा तरुण ती घ्यायला निघाला, की पहिला प्रश्न येतो : सुकाणू असलेली घ्यावी, की बिनसुकाणूची?

आधी आपला वारा पाहू या. पावसाळा सरला, की सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा. समजा, दुपारी तुम्ही सातपाटीहून उत्तरेला नवापूरकडे निघालात. वारा डावीकडून येतो. होडी चालू लागली, की तिची नाळ पाण्यात घट्ट बसते, मागचे टोक मात्र सैल राहते. वारा ते टोक किनाऱ्याकडे ढकलतो, आणि नाळ वळते थेट समुद्राकडे! मग माणूस एकाच बाजूने वल्हे मारीत राहतो आणि थोड्याच वेळात त्याचा खांदा भरून येतो.

यावर दोन साधने आहेत. पहिले म्हणजे मागल्या भागात तळातून खाली सोडायचे पाते. ते वळत नाही, फक्त मागच्या टोकाला पाण्यात पकड देते. वारा समोरून असेल तर ते वर ठेवावे, बाजूने असेल तर अर्धे सोडावे, पाठीमागून असेल तर पुरते सोडावे. दुसरे साधन सुकाणू. ते पायांनी, तारा ओढून वळवतात. लांबचा पल्ला असेल, सामान असेल, तर ते सोयीचे. मात्र पाय टेकायची फळी पक्की आहे ना, हे पाहून घ्या. सुकाणूबरोबर फळीही सरकत असेल, तर वल्ह्याला जोर लागत नाही.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते. ओहोटीला वाळू आणि खडक उघडे पडतात. म्हणून पाते असो वा सुकाणू, बसल्या जागेवरून ते वर घेता आलेच पाहिजे. पात्याच्या खाचेत वाळू अडकते. त्यासाठी पात्याला भोक पाडून आखूड दोरी बांधा, म्हणजे सोबत्याला ते बाहेरून ओढता येईल. खिळे-पेच न गंजणारे घ्या, आणि परतल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवा.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, हा हिशेब वर्गात जरूर करून घ्या. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. नक्की वेळ छापील तक्त्यात पाहावी. तीननंतर खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ समुद्राकडे, आणि त्याच वेळी खाऱ्या वाऱ्याने होडीची नाळही समुद्राकडे! नवख्या माणसाला ही वेळ धोक्याची, हे मुलांना नीट समजावून सांगा.

तेव्हा पैसे मोजके असतील, तर खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी अंगावर नीट बसणारे जीवरक्षक जाकीट आणि गळ्यात शिटी. मग होडीच्या दोन्ही टोकांचे बंद, पाणी न शिरणारे कप्पे, म्हणजे ती उलटली तरी तरंगेल. त्यानंतर कडेने फिरवलेली दोरी. पाण्यात पडलेल्या माणसाच्या हाताला पहिल्यांदा तीच लागते. होकायंत्र लोखंडापासून दूर बसवा. सुकाणू या सर्वांच्या मागून.

घेतल्यावर पहिले काही दिवस काठाजवळ, सोबत घेऊन, सुकाणू वर ठेवून होडी चालवा. तार तुटली, तर नुसत्या वल्ह्याने घरी येता आले पाहिजे. तेवढे येईपर्यंत खाडीचे तोंड ओलांडू नका. निघताना घरी परतीची वेळ सांगा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरच्यांनाही पाठ असू द्या.