आकारातून अरूपाकडे

(दिघोरी, जि. भंडारा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आधुनिक चित्रासमोर उभे राहिल्यावर आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतूनही पहिला प्रश्न उमटतो तो हाच, की ‘हे आहे तरी काय?’ मनुष्याकृतीचा भास होतो, परंतु नाक-डोळे दिसत नाहीत. स्त्री आहे असे वाटते न वाटते तोच ती रंगात विरून जाते. मग दोनच निष्कर्ष निघतात. एक तर चित्रकाराला चित्र काढता येत नाही, किंवा हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे. हे दोन्ही निष्कर्ष तपासून पाहण्यास भंडारा जिल्ह्याइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल.

दिघोरीपासून साकोली काही दूर नाही. या साकोलीत शंकर बळवंत पळशीकर यांचा जन्म झाला. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जे.जे.मध्ये, त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि १९६८ ते १९७५ या काळात त्या संस्थेचे अधिष्ठातापद भूषविले. व्यक्तिचित्रणात ते निष्णात होते. समोर बसलेल्या माणसाचे हुबेहूब चित्र रेखाटणे त्यांना सहजसाध्य होते. भारतीय लघुचित्रांचा संस्कार त्यांच्या रेषेवर होता, तर उत्तरकाळातील त्यांच्या चित्रांवर तंत्रपरंपरेतील प्रतीकांची छाप दिसते. ज्याला आकार येत नाही तो अमूर्ताकडे वळतो, ही समजूत या एका उदाहरणानेच गळून पडते. आकारावर पूर्ण प्रभुत्व मिळवलेला मनुष्य आकारातील अनावश्यक भाग टाकू लागला, हा या प्रवासाचा खरा क्रम आहे.

हा क्रम अधिक स्पष्टपणे दिसतो तो वासुदेव गायतोंडे यांच्यात. गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला. १९४८ मध्ये त्यांनी जे.जे.मधील शिक्षण पूर्ण केले. तेथे जगन्नाथ अहिवासी यांच्या भारतीय चित्रशैलीच्या वर्गाचे वातावरण होते. बसोहली आणि जैन लघुचित्रांतील प्रखर रंग, लवचीक रेषा यांनी तरुण गायतोंडे भारावून गेले आणि त्यांनी त्या वळणाची मनुष्यचित्रे काढली. त्यानंतर त्यांनी एक प्रयोग केला. लघुचित्रातील माणसे वगळली, तर मागे काय उरते? उरले ते रंगांचे परस्परांशी असलेले प्रमाण. आकृती कधी कधी चित्रकाराला बांधून ठेवते, असे त्यांच्या ध्यानी आले आणि तेथून पुढे त्यांची वाट बदलली. म्हणजे भारतातील एका श्रेष्ठ अमूर्त चित्रकाराचा आरंभ आपल्याच पोथ्यांच्या पानांतून झाला. पॉल क्ली या युरोपीय चित्रकाराचाही त्यांच्यावर परिणाम होता, हे नाकारण्याचे कारण नाही. बाहेरचे बीजही आपल्या जमिनीत पडले, तर तिच्याच ओलाव्यावर वाढते.

त्यांची कार्यपद्धतीही जाणून घेण्यासारखी आहे. कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंगपाती यांचा वापर ते अधिक करीत. रंगाचा पातळ थर, तो खरवडणे, त्यावर पुन्हा थर. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून उचलणे आणि उमटलेल्या खुणा राखणे. असे करता करता कॅनव्हासमधून आतला प्रकाश बाहेर येत असल्याचा भास होई. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. प्रत्यक्ष रंगकामापेक्षा स्वस्थ बसून चिंतन करण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचे त्यांना आकर्षण होते. दिल्लीत निजामुद्दीन भागातील गच्चीवरच्या लहानशा खोलीत ते वर्षानुवर्षे राहिले आणि २००१ मध्ये निवर्तले. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींहून अधिक किंमत आली. परंतु त्या आकड्याने दिपून जाण्यापेक्षा त्या खोलीतील एकांत समजून घेणे अधिक मोलाचे.

पळशीकरांच्या विद्यार्थ्यांत अकबर पदमसी यांचे नाव घेतले जाते. मनुष्याची मस्तके आणि देह त्यांनी आयुष्यभर रंगविले, परंतु ते कोणा विशिष्ट व्यक्तीचे चेहरे नसत. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या नांदीत शिवाच्या अष्टमूर्तींचे स्मरण आहे. त्यांतील काळाचे नियमन करणारे दोन म्हणजे सूर्य आणि चंद्र. या कल्पनेतून १९७०च्या सुमारास पदमसींची निसर्गचित्रांची मालिका सुरू झाली. तीत सूर्य-चंद्र एकाच अवकाशात येतात आणि स्थळ कोणते, प्रहर कोणता, हे प्रश्न मावळतात. मुंबईच्या खोजा कुटुंबातील हा चित्रकार कालिदासापर्यंत पोहोचला तो अभ्यासाच्या बळावर. वारसा जन्माने मिळतो खरा, पण जो अभ्यासतो त्याच्याच हाती तो फळाला येतो. आपल्या घरांतील किती मुलांनी ती नांदी वाचली आहे, हा प्रश्न मनाला लागला पाहिजे.

आता दुसरा आक्षेप, अमूर्तता परकी असल्याचा. देवीच्या तांदळ्याला हात, पाय, वस्त्र काहीच नसते. शेंदराने माखलेली शिळा आणि फार तर दोन डोळे. तरी समोर आई उभी असल्याची भक्ताला शंका येत नाही. पाटावरची सुपारी गणपती होते, गुळगुळीत शाळिग्राम विष्णू होतो. याच जिल्ह्यातील पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, त्यात प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथील एका शिल्पात मुचलिंद नागाच्या फण्याखाली आसन रिकामे आहे. बुद्धाची मूर्ती नाही, तरी बुद्ध तेथे आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी शिल्पकाराला हे साधले होते आणि पाहणाऱ्यालाही उमगत होते.

इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. तान्ह्या पोळ्याला मुले जो लाकडी नंदी सजवून नेतात, त्याला सुताराने किती तपशील दिलेला असतो? मानेचा बाक, वशिंड, शिंगे आणि पाय, एवढेच. तरी तीन वर्षांचे मूलही त्याला बैल म्हणूनच ओळखते. कारण सुताराने बैलाचे बैलपण राखले आणि उरलेले सोडून दिले. अमूर्ताकडे झुकणारा चित्रकार मनुष्याकृतीचे हेच करतो.

अर्थात कॅनव्हासवर फासलेला प्रत्येक रंग चित्र ठरत नाही. अमूर्ताच्या नावाखाली आळसही खपतो आणि ढोंगही. पारख कशी करावी? त्या चित्रातून काही काढले वा त्यात भर घातली तर ते बिघडेल असे वाटते का, हे पाहावे. तांदळ्याला कोणी नाक बसवले तर जे बिघडते, तेच चांगल्या चित्राचे बिघडते.

गावोगावची मुले शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, ही चांगली गोष्ट आहे. तो पाया आहेच. मात्र परीक्षा आटोपली की रंगपेटी कपाटात जाते. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना एक साधा अभ्यास द्यावा. घरचा बैल समोर ठेवून प्रथम तो हुबेहूब काढावा. मग पुन्हा काढावा, प्रत्येक वेळी एक तपशील वगळून. कोणती रेषा गेल्यावर बैल नाहीसा होतो, ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी कळेल. ती शेवटची रेषा म्हणजेच त्याच्या चित्राचा प्राण. साकोलीसारख्या गावात जन्मलेला एक मुलगा जे.जे.चा अधिष्ठाता झाला. असा मुलगा आज दिघोरीत असेल, तर त्याच्या चित्राकडे पाहून ‘हे आहे तरी काय?’ असे हसत विचारण्याऐवजी घटकाभर त्या चित्रासमोर शांतपणे बसावे. त्याला मिळणारे ते पहिले प्रोत्साहन असेल.